विलिस्काच्या घरात रात्रभर भूतशोध: रेकॉर्डिंग आणि नोंदींची तयारी कशी करावी?

मक्याचं_शेत:
ऑक्टोबरात आम्ही सहा जण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विलिस्का गावी मूर कुटुंबाच्या घरात एक रात्र थांबणार आहोत. ९-१० जून १९१२ च्या रात्री तिथे जोसाया आणि सारा मूर, त्यांची चार मुलं आणि मुक्कामाला आलेल्या दोन मुली, अशा आठ जणांचा कुऱ्हाडीने खून झाला. खुनी कोण ते आजवर सिद्ध झालेलं नाही. १९९४ मध्ये घर विकत घेतलेल्यांनी वीज आणि नळ काढून टाकून ते पूर्वीसारखं केलं. आमच्याकडे के-२ मीटर (विद्युतचुंबकीय क्षेत्र दिव्यांनी दाखवणारं यंत्र), दोन व्हॉइस रेकॉर्डर, इन्फ्रारेड कॅमेरा आणि लेझर थर्मामीटर आहे. सकाळी हाती येईल त्यावर भरवसा ठेवता यावा म्हणून मांडणी कशी करावी?

ध्वनिरेषा:
रेकॉर्डरपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. 'व्हॉइस अ‍ॅक्टिव्हेशन' बंद हवं. ते चालू असलं की आवाज आल्यावर मशीन जागं होतं आणि सुरुवात कापली जाते. कुणी "कंटाळा आला" म्हणालं तर फाइलमध्ये नुसतं "आला" उरतं, आणि सकाळी तेच ऐकून सगळे गार पडतात. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय) हीही बंद करा, नाहीतर शांततेत मशीन स्वतःचीच खरखर वाढवत नेतं. फाइल एमपी३ नको, ती आवाज दाबून साठवते; न दाबलेली डब्ल्यूएव्ही ठेवा, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट. स्टिरिओला तासाला साधारण ६३५ एमबी लागतात, म्हणजे आठ तासांना पाच जीबी.

रेकॉर्डर हातात धरू नका, बोटांची हालचाल पुटपुटण्यासारखी ऐकू येते. स्पंजच्या तुकड्यावर ठेवा. एक वर मुलांच्या खोलीत, एक खाली पाहुण्या मुली झोपल्या होत्या तिथे. ठेवण्याआधी दोन्ही शेजारी चालू करून एक जोरदार टाळी वाजवा, म्हणजे फाइली नंतर जुळवता येतात. कुजबुज पूर्ण बंद. पोट गुरगुरलं, जिना वाजला, तर लगेच मोठ्याने सांगायचं: "पोट, माझं, दोन वाजून दहा."

सापडलेला तुकडा आपल्याला काय वाटतो ते आधी सांगून कुणाला ऐकवू नका. त्या रात्री नसलेल्या तिघांना वेगवेगळं ऐकवा आणि कागदावर लिहून घ्या. तिघांचं तीन निघालं तर तो तुकडा बाद. कुणी एकदा "'पळ' म्हणतंय" असं सांगितलं की पुढे कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

चुंबकसूची:
के-२ एकाच अक्षावर, म्हणजे एकाच दिशेतलं क्षेत्र मोजतो, त्यामुळे नुसता हात वळवला तरी दिवे बदलतात. तो तिपाईवर ठेवा आणि हलवू नका. घरात वायरिंग नाही हा तुमचा मोठा फायदा आहे: मीटरवरचा दिवा लागला तर पहिला संशय आपल्याच खिशावर. फोन टॉवर शोधताना किंवा वॉकी-टॉकीचं बटण दाबताना सगळे दिवे उड्या मारतात. फोन बंद करून गाडीत ठेवा. दिवसाउजेडी प्रत्येक खोलीत दर एक मीटर अंतरावर मोजून नकाशावर आकडे लिहा.

लेझर थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं सांगतो. त्यावर १२:१ (अंतर आणि मोजल्या जाणाऱ्या गोलाची रुंदी यांचं प्रमाण) लिहिलं असेल तर तीन मीटरवरून तो २५ सेंमी रुंद गोलाची सरासरी देतो, आणि आरशाकडे रोखला तर भलतंच दाखवतो. 'थंड जागा' शोधायची असेल तर डेटा लॉगर (हवेचं तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र) घ्या, मिनिटाला एक नोंद, आणि एक लॉगर घराबाहेरही ठेवा. फटीतला वारा शोधायला टिश्यू पेपरची दोन बोटं रुंद पट्टी पुरते. अगरबत्ती नको.

कॅमेऱ्यात तरंगणारे गोळे म्हणजे भिंगाजवळची धूळ. कॅमेऱ्यावरचा इन्फ्रारेड दिवा झाकून वेगळा दिवा अर्धा मीटर बाजूला लावा. गावातून बीएनएसएफ या रेल्वे कंपनीची मुख्य लाइन जाते, तेव्हा मालगाडीची वेळ वहीत आलीच पाहिजे. जुनं लाकडी घर हादरलं की दारं आपोआप सरकतात.

मक्याचं_शेत:
आभार. मॅगलाइट (डोकं फिरवून लावायचा टॉर्च) अर्धवट फिरवून ठेवायचा आणि "असाल तर पेटवा" म्हणायचं, हा प्रयोग करावा का?

चुंबकसूची:
करा, पण आधी वीस मिनिटं कुणीही न बोलता तोच टॉर्च कॅमेऱ्यासमोर ठेवा. बल्ब तापला की आतला भाग प्रसरण पावून संपर्क तुटतो, गार झाला की पुन्हा जुळतो. प्रश्न न विचारताही तो पेटतो आणि विझतो. दोन उघडझापींमधली सेकंदं मोजून ठेवा, मग "उत्तर" आल्यावर पडताळता येईल.

जुनी_वास्तू:
दोन गोष्टी राहिल्या. ऑक्टोबरात थंडी वाजेल, तरी गॅसचा हीटर आत नेऊ नका. १९२१ मध्ये विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली होती: पावलांचे आवाज, अनोळखी माणसं दिसणं, डोकेदुखी. कारण निघालं घर तापवायच्या बिघडलेल्या भट्टीतला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म सोबत असू द्या. अशा घरांच्या माळ्यांवर वटवाघळांची विष्ठा असू शकते, त्या भागात तिच्यातल्या बुरशीमुळे हिस्टोप्लाज्मोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. एन-९५ मास्क लावा आणि झाडझूड करू नका. पाऊलखुणांसाठी जमिनीवर पीठ पसरू नका, उंदीर येतात. वॉलपेपरला चिकटपट्टी लावू नका, काढताना कागद सोलून येतो.

मुलांच्या खोलीत ओरडून आव्हानं देऊ नका. धाकटा पॉल पाच वर्षांचा होता.

सहा जणांत दोघं वर, दोघं खाली, दोघं बाहेर गाडीत विश्रांतीला. दर पंधरा मिनिटांनी कोण कुठे आहे ते वहीत लिहा. डुलकी येणाऱ्याने जागा सोडून गाडीत जावं, झोप लागतानाची दृश्यं खरी वाटतात. माळ्याचं दार उघडं ठेवायचं की बंद, हे संध्याकाळीच ठरवून फोटो काढा, नाहीतर पहाटे त्यावरच वाद होतो.