मदत हवी आहे : कलम ३७७ (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जुना कायदा) वर मराठीत बोललेले कीर्तनकार किंवा महंत

नमस्कार. आम्ही नाशिकचे, पंचवटीतले. भाच्याने घरात सांगितलं की तो समलिंगी आहे. आजी रागावली नाही. जपमाळ बाजूला ठेवून तिने एवढंच विचारलं, "आपले महाराज लोक काय म्हणतात?" तिला खरं उत्तर द्यायचं आहे, गोड करून नाही.

आतापर्यंत सापडलं ते असं : असे संबंध गुन्हा नाहीत, या २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संघटना होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये कलम पुन्हा लागू झालं, तेव्हा श्री श्री रविशंकर यांनी हिंदू धर्म समलैंगिकतेला गुन्हा मानत नाही असं म्हटलं. मुंबईचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ग्रेशियस यांनीही समलिंगी विवाहाला विरोध ठेवूनच, समलिंगी व्यक्ती गुन्हेगार नाहीत असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा राहिला नाही असं ठरवलं, तो २०१८ चा निकाल आजीला समजावून झालाय. पण ही सगळी तिच्यासाठी लांबची माणसं.

पुराणकथा नकोत, त्या तिला पाठ आहेत. ऐकू कमी येतं, म्हणून व्हिडिओही नको. छापील मराठीच हवं. विरोधातलं असलं तरी चालेल.

वारकरी कीर्तनकार किंवा नाशिक-त्र्यंबकच्या आखाड्यांतले कुणी महंत २०१३ ते २०१८ दरम्यान या कायद्याबद्दल बोलल्याचं कुणी वाचलंय का? कुठल्या वर्तमानपत्रात, साधारण कोणत्या तारखेला?