भावासाठी समुपदेशक कसा निवडावा? (सांगली-मिरज)

तासगावची_बहीण
माझा धाकटा भाऊ पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करत होता. दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. रात्रभर जागा असतो, धड जेवत नाही, मित्रांचे फोन उचलत नाही. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या आणि जोडीला समुपदेशन घ्या म्हणाले. सांगलीत पाट्या दिसतात त्या कुणी काउन्सेलर, कुणी थेरपिस्ट, कुणी माइंड कोच. कुणाकडे जायचं? आई म्हणते, गोळ्या बंद करू, नुसतं बोलणं चालू करू. आणि ओळखीचं कुणी बघेल याची भावाला धास्ती.

मिरजेची_सिस्टर
ताई, मी मानसोपचार विभागात नर्स होते, आता निवृत्त आहे. आधी गोळ्यांचं. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि मनाने एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. आईंना पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसवा, त्यांच्या शंका तिथेच फिटू देत.

काउन्सेलर, थेरपिस्ट हे शब्द पाटीवर कुणीही लिहितं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे बोलण्यातून मानसिक आजारांवर उपचार करायचं शिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञाला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नंबर सरळ विचारा, चांगला माणूस त्याचा राग धरत नाही. मानसशास्त्रात एम.ए. झालेले काही समुपदेशकही मनापासून आणि नीट काम करतात. त्यांना विचारा, शिक्षण कुठे झालं, अवघड केस आली तर कुणाचा सल्ला घेता, आमच्या डॉक्टरांशी बोलाल का?

पहिल्या भेटीत भावाला किती बोलू दिलं ते बघा. 'लग्न लावून द्या, सुधारेल' किंवा 'गोळ्या फेकून द्या' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

आणि एक कराच. जगणं नकोसं वाटतं का, हे भावाला आजच स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कऱ्हाडचा_अमित
धास्ती मलाही होती, म्हणून ऑनलाइन घेतलं. मळ्यात विहिरीजवळ बसून बोलायचो, घरात कुणाला ऐकू जायचं नाही. पहिल्या मॅडम हुशार होत्या, पण सगळं इंग्रजीत. वडिलांशी बोलणं का तुटलं ते मला इंग्रजीत सांगताच येईना. मराठी बोलणारे सर मिळाले तेव्हा पहिल्यांदा मोकळा झालो. भाषा आधी विचारा. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, तेही भावाला सांगा.

तासगावची_बहीण
सिस्टर, रात्री विचारलं. तसं नाही म्हणाला, पण बराच वेळ बोलला. आता बाई बघू की पुरुष?

मिरजेची_सिस्टर
बोलला हे फार चांगलं झालं. बाई की पुरुष ते त्यालाच ठरवू द्या. आणि तीन-चार भेटींनंतरही सूर जुळत नसेल तर बिनधास्त दुसरं माणूस बघा.