मदत हवी आहे: जिओड एलएक्स ८०० थिन क्लायंटवर नेटबीएसडी

मंडळी, आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात पुस्तकनोंदीसाठी जुने थिन क्लायंट (कमी ताकदीचे छोटे संगणक) लावायचे आहेत. एएमडी जिओड एलएक्स ८०० प्रोसेसर (५०० मेगाहर्ट्झ), २५६ एमबी रॅम, ४४ पिनच्या आयडीई (जुन्या पद्धतीच्या डिस्क) जोडणीवर अडॅप्टर लावून डिस्कऐवजी ४ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड.

डेबियन १२ (लिनक्स) चा नाद सोडला. त्याला प्रोसेसरची 'लाँग नॉप' ही आज्ञा लागते, ती जिओडमध्ये नाही. डेबियन ११ चालतं, पण सीएफ कार्डावर डीएमएच्या (प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत नेण्याच्या) चुका येऊन बूट अडकत होतं. स्वस्त अडॅप्टरमध्ये डीएमएच्या तारा जोडलेल्याच नसतात. कर्नलच्या ओळीत 'लिबएटीए.डीएमए=३' दिल्यावर फक्त सीएफचा डीएमए बंद झाला आणि गाडी पुढे सरकली. वेग अर्थातच बैलगाडीचा.

पण डेबियन ११ जुनं झालं, म्हणून नेटबीएसडी १० (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, ३२ बिटची आय३८६ आवृत्ती) टाकायचं आहे. फायरफॉक्सला एसएसई२ (प्रोसेसरच्या आज्ञांचा संच) लागतं, ते जिओडमध्ये नाही, म्हणून फायरफॉक्स बादच, डिलो हा हलका ब्राउझर पुरेल. दोन अडचणी आहेत:

१. एक्ससाठी (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीसाठी) 'जिओड' ड्रायव्हर घ्यावा की सरळ 'वेसा' हा सर्वसाधारण ड्रायव्हर? व्हीजीए मॉनिटर, १०२४ बाय ७६८.
२. नेटबीएसडीत एकाच डिस्कचा डीएमए बंद करायला कर्नल नव्याने बांधावाच लागतो का?

आणखी एक. लाइन दिवसातून चार-पाच वेळा जाते, त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं आहे. चार्जिंगच्या वेळी ती १४.४ व्होल्टपर्यंत चढते, म्हणून थेट जोडायची हिंमत होत नाही. मधे बक-बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी ठरावीकच देणारं) किती अँपिअरचं लावावं? मूळ अडॅप्टर १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून झाला आहे, तो सुचवू नका.