रॉझलिनची विविधता : अभिमानाची की कंपनीच्या सोयीची?

अनुजा :
अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या रॉझलिन या खाणगावाची ओळख अनेक वंशांच्या माणसांनी एकोप्याने वसवलेले गाव अशी करून दिली जाते, ती मला मान्य नाही. रेल्वेच्या इंजिनांना कोळसा हवा म्हणून १८८६ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने हे गाव वसवले. १८८८ मध्ये संप होताच कंपनीने दूरच्या राज्यांतून कृष्णवर्णीय खाणकामगारांना सशस्त्र पहाऱ्यात येथे आणले आणि त्यांतील अनेकांना संपाची कल्पनाही दिली नाही. एका गरजवंताला दुसऱ्याविरुद्ध उभे करणे हा गौरवाचा विषय कसा होईल?

माधव :
कंपनीच्या हेतूबद्दल आपले म्हणणे खरे आहे, परंतु गावाचा इतिहास मालकाच्या हेतूपाशी संपत नाही. ज्यांना संपफोडे म्हणून हिणवले गेले, त्यांच्यापैकी कित्येकांनी येथेच संसार थाटले. पुढे इटालियन, क्रोएशियन, स्लोव्हाक, लिथुआनियन कुटुंबेही आली. १० मे १८९२ रोजी पहिल्या क्रमांकाच्या खाणीत स्फोट होऊन ४५ कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी अंत्यविधीचा खर्च आणि विधवांचा आधार ही जबाबदारी कामगारांच्या वर्गणीवर चालणाऱ्या बांधवमंडळांनी उचलली. ही मंडळे कंपनीने काढलेली नव्हती.

अनुजा :
ती मंडळे तरी एकत्र कुठे होती? रॉझलिनच्या टेकडीवर वीसहून अधिक दफनभूमी शेजारी शेजारी आहेत, प्रत्येक समाजाची वा मंडळाची निराळी. ज्यांनी एकाच खाणीत कोळसा फोडला, त्यांना मातीसुद्धा वेगळी मिळाली.

रेवती :
दफनभूमींचा असा एकच अर्थ लावणे घाईचे वाटते. परक्या मुलुखात आपल्या धर्माप्रमाणे मूठमाती मिळावी आणि थडग्यावर आपल्या भाषेत नाव कोरले जावे, ही त्या माणसांची स्वतःची निकड होती. म्हणूनच तुटपुंज्या मजुरीतून त्यांनी मंडळाची वर्गणी भरली. मात्र कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या जागेला हेच कारण लागू करता येणार नाही, कारण इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या कामगारांशी भाषा आणि धर्म दोन्ही समान असूनही ते दूर ठेवले गेले, आणि येथे मी अनुजाताईंच्या बाजूने आहे.

माधव :
तरीही याच गावाने १९७५ मध्ये विल्यम क्रेव्हन यांना महापौर केले, आणि ते त्या राज्यातील पहिले कृष्णवर्णीय महापौर ठरले.

अनुजा :
ती निवड मोलाचीच आहे, परंतु ती संपानंतर ८७ वर्षांनी झाली. आपली चर्चा आरंभीच्या काळाची आहे, आणि त्या काळात कोण कोणाशेजारी काम करील हे कंपनीच ठरवत होती.