मदत हवी आहे : नोट्समधील अर्काइव्ह केलेल्या जुन्या मेल उघडत नाहीत

नमस्कार. आमच्याकडे एचसीएल नोट्स (पूर्वीचे लोटस नोट्स) हा मेल प्रोग्राम आणि त्याचा डॉमिनो सर्व्हर असून, लेखा विभागातील एका सहकारी बाईंच्या मेल डेटाबेसमधून २०१९ पूर्वीच्या मेल दिसेनाशा झाल्या आहेत. अर्काइव्ह लॉगमध्ये त्या हलवल्याची नोंद आहे; मात्र अर्काइव्ह सर्व्हरवर न होता त्यांच्या जुन्या संगणकावरच होत असे आणि तो संगणक मध्यंतरी बदलला गेल्यामुळे लॉगमधील लिंक आता कुठेच पोहोचत नाहीत. जुन्या डिस्कच्या बॅकअपमध्ये अर्काइव्हची एनएसएफ फाइल (नोट्सची डेटाबेस फाइल) सुदैवाने मिळाली, पण ती स्थानिक पातळीवर एन्क्रिप्ट केलेली असल्याने नव्या आयडीने (वापरकर्त्याची ओळख आणि किल्ल्या ठेवणारी नोट्सची फाइल) उघडत नाही. बाईंची नोंदणी नंतर नव्याने झाली होती, म्हणजे किल्ली जुन्या आयडी फाइलमध्येच असणार. ती फाइलही त्याच बॅकअपमध्ये आहे, परंतु तिचा पासवर्ड बाईंना आठवत नाही, आणि आयडी व्हॉल्ट (आयडी फाइलच्या प्रती सर्व्हरवर जपून ठेवण्याची सोय) आम्ही बऱ्याच उशिरा सुरू केला.

फिक्सअप किंवा कॉम्पॅक्ट या डेटाबेस दुरुस्त व आटोपशीर करणाऱ्या साधनांचा इथे उपयोग नाही असे मला वाटते, कारण फाइल बिघडलेली नाही, कुलूपबंद आहे. जुन्या सर्टिफायरवर (वापरकर्त्यांच्या आयडी प्रमाणित करणारी मूळ आयडी) आयडी रिकव्हरीची माहिती आधीपासून भरलेली असल्यास वापरकर्त्याच्या आयडीचा पासवर्ड बदलता येतो, असे वाचले आहे. ही माहिती बाईंच्या जुन्या आयडीत उतरली आहे की नाही, हे पासवर्डशिवाय कसे तपासावे?