कोल्हापुरातलं रोजचं जगणं: यादीत नसलेलं काही सांगा

घाटी_दरवाजा
काल कुणीतरी किरणोत्सवाचा फोटो पाठवला आणि दिवसभर आजीच डोळ्यासमोर. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, या तारखा तिला नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, मग वर वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे तसं व्हायला पाहिजे. ढग आला, धूर-धूळ आली, मध्ये कुणाचा मजला आला की पंचाईत. किरणं पायाशीच थांबली की आजी "यंदाचं काय खरं न्हाई" म्हणत बाहेर पडायची आणि तशीच कपिलतीर्थात जाऊन मेथीच्या एका जुडीसाठी अशी हुज्जत घालायची की भाजीवालीच हात जोडायची. पाहुण्यांना आपण देऊळ, पॅलेस, पन्हाळा सांगतो. ते राहू दे. तुम्ही रोज काय करता ते लिहा.

गंगावेसकर
दूध कट्टा. विषय संपला.

गंगावेसकर
बरं, लिहितो नीट. म्हैस समोर उभी, गवळी तिथंच धार काढून ग्लास हातात देणार. वर बोटभर फेस, ग्लास कोमट. साखर मागितली तर लोक वळून बघतात. दिवाळीत याच म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मालकाच्या गाडीमागं पळतात. नावानं हाक मारली की गर्दीतनं बरोबर येतात. आमच्या पोराला जेवायला किती हाका माराव्या लागतात ते विचारू नका.

रत्नांग्रीची_सून
मी माहेरची रत्नागिरीची. लग्नानंतर हे म्हणाले, चल चौपाटीवर जाऊ. मी खूश! नेलं कुठं, तर रंकाळ्यावर. तळ्याला चौपाटी म्हणणारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आता मात्र संध्याकाळी एक फेरी झाल्याशिवाय चैन पडत नाही. पाऊस झाला की संध्यामठ किती बुडालाय ते बघायचं, तिखटमीठ लावलेलं कणीस खायचं, परत. मासळीचं मात्र नाव काढू नका. आंबा घाट चढेपर्यंत बांगडा दमतो बिचारा.

काटाकिर्र
वहिनी, दमलेला बांगडा तांबड्या रश्श्यात सोडा. उठून बसतोय बघा.

घाटी_दरवाजा
तांबड्यात बांगडा? ह्याला आधी गावाबाहेर काढा 😂

पेठेतली_पोरगी
फुटबॉलमध्ये माझं माहेर पीटीएमचं म्हणजे पाटाकडील तालमीचं, सासर शिवाजी तरुण मंडळाचं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की मी तटस्थ असतो. म्हणजे माहेरच्या बाजूनं, पण आवाज न करता. एकदा गोल झाल्यावर नकळत उठून ओरडलो, त्या दिवशी सासूबाईंनी चहा दिला पण साखर घातली नाही. बाकी लोकांना फुटबॉल म्हणजे गोवा-बंगाल वाटतंय, इथं येऊन एकदा बघा म्हणावं.

नदीकाठ
जुलैत आमच्या घरी "जेवलास काय" च्या आधी "पाणी किती फूट" विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातला कितवा उघडला हे आईला टीव्हीच्या आधी कळतं, कसं ते देव जाणे. छत्री घेऊन घाटावर पाणी बघायला जाणं ही आमची सहल. २०१९ ला मात्र पाणीच आमच्याकडं आलं. खालच्या खोलीत कडीच्या वर गाळाची रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात ओल धरून उमटते. २०२१ ला परत तेच. तरी पाणी बघायला जातोच, सवय.

रत्नांग्रीची_सून
अगं बाई. सामान वाचलं का?

नदीकाठ
गॅस, टीव्ही माडीवर नेला होता. आजोबांच्या वह्या राहिल्या.

काटाकिर्र
वाईट झालं राव.

खासबाग_कट्टा
खासबाग म्हणजे १९१२ पासूनचं कुस्तीचं मैदान, शाहू महाराजांनी बांधलेलं. आणि आमचं तिथं जाणं कशासाठी? भेळेसाठी 🙈 आधी मात्र केशवराव भोसले नाट्यगृहात नाटक, सुटल्यावर भेळ, असा क्रम होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं त्या रात्री गल्लीतली निम्मी माणसं रस्त्यावर उभी. वडील नाटकवाले नाहीत, बँकेत होते. पण सकाळपर्यंत झोपले नाहीत.

पिंपरीत_अडकलो
तुम्ही सगळे जळवताय. इथं मिसळीबरोबर पाव देतात, स्लाइस मागितला तर सँडविच पाहिजे का विचारतात. कट मागितला तर वाटीत लाल पाणी. ते जाऊ दे, वडिलांसाठी चप्पल पाहिजे, आठ नंबर, करकर वाजणारी. पुढच्या आठवड्यात येतोय.

गंगावेसकर
तयार घेऊ नको. सांगून करून घे, वेळ लागतोय. आत्ताच फोन कर.

पेठेतली_पोरगी
आणि पहिले काही दिवस चावणार, तेल लावायला सांग त्यांना. खोबरेल नको, एरंडेल.

काटाकिर्र
आमच्याकडं खोबरेलच लावतात.

पेठेतली_पोरगी
तुमच्याकडं तांबड्यात बांगडा पण घालतात.