मदत हवी आहे: तपकिरी पाठीचा चिरक नर कसा?

माळकरी:
शहाद्याजवळ (जि. नंदुरबार) शेताच्या बांधावर टिपलेला चिरक (इंडियन रॉबिन) पक्षी. खांद्यावर पांढरा पट्टा, छाती-पोट काळं, शेपटीखाली तांबूस, म्हणजे नर. पण डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठ चक्क मातकट तपकिरी. कोल्हापूरकडच्या फोटोंतल्या नरांची पाठ छातीइतकीच काळीभोर आहे, उन्हात निळसर चमकते. शहाद्याचा पक्षी वयात येतोय, की उपजात वेगळी? की उन्हामुळे रंग फसवा आलाय? फोटो सकाळी साडेनऊचा, ऊन पक्ष्याच्या पाठीवर.

बाभूळबन:
नरच आहे, आणि पूर्ण वाढलेला. चिरकाच्या नराची पाठ प्रदेशागणिक बदलते. उत्तर आणि वायव्य भारतातली उपजात कॅम्बेएन्सिस, तिची पाठ तपकिरी. इंग्रज पक्षितज्ज्ञ लॅथमने १७९० मध्ये तिला गुजरातेतल्या खंभातचं (कॅम्बे) नाव दिलं. दक्षिणेतली फुलिकॅटस पाठीवरही काळी. मध्य भारत आणि दख्खनच्या काही भागात या दोघांमधली इंटरमीडियस. नंदुरबार गुजरातला खेटून आहे, तेव्हा तिथे तपकिरी पाठ दिसणं अपेक्षितच.

खरी गंमत मधल्या पट्ट्यात आहे. आपल्याकडे उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना पाठ हळूहळू गडद होत जाते. काळपट तपकिरी, मळकट काळी अशा सगळ्या छटा मिळतात. त्यामुळे अमुक तालुक्यापासून काळी पाठ सुरू, अशी रेघ कोणी नकाशावर मारून दिली तर मानू नका.

पिल्लाची शंका सहज मिटते. नुकतं उडायला लागलेलं पिल्लू मादीसारखं तपकिरी असतं आणि त्याचा गळा ठिपकेदार दिसतो. तुमच्या पक्ष्यासारखी चकचकीत काळी छाती त्याला नसते. म्हणून नर-मादी ठरवताना पाठ सोडा, छाती बघा. काळी आणि तुकतुकीत असेल तर नर, राखाडी-तपकिरी असेल तर मादी.

भिंगवाला:
फोटोच्या रंगाबद्दल. काळा पक्षी चौकट भरून असला की कॅमेरा त्याला उजळ करू बघतो आणि काळं राखाडी-तपकिरी दिसायला लागतं. अशा वेळी एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.७ ते १ स्टॉप कमी करा. मागे उघडं आभाळ असेल तर उलट, तेवढंच वाढवा. कोवळ्या उन्हात पिवळी झाकही येते, म्हणून रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची झाक सुधारणं, नंतर लावा.

पडताळा पक्ष्याच्या अंगावरच असतो. पाठ आणि छाती या दोहोंवर सारखा उजेड पडलेला एक फोटो हवा: सूर्य खाली, उजेड बाजूने, पक्षी थोडा तिरपा. त्यात छाती काळी आणि पाठ तपकिरी असेल तर रंग खरा. दोन्ही तपकिरी दिसत असतील तर दोष उजेडाचा. तुमच्या फोटोत ऊन पाठीवर आणि छाती सावलीत, तेव्हा एवढ्या एका फोटोवर पाठीची नेमकी छटा ठरवू नका.

झिजलेली पिसंही विटून तपकिरी होतात. पण ती झीज पंखांच्या आणि शेपटीच्या कडांवर आधी दिसते, तीही विस्कटलेली. डोक्यापासून कंबरेपर्यंत एकसारखा रंग असेल तर ती झीज नव्हे.

माळकरी:
दुसऱ्या एका फोटोत पक्षी आडवा आहे, ऊन बाजूने. छाती काळी, पाठ तपकिरीच, म्हणजे रंग खरा धरतो. आता अडचण मादीची. हिवाळ्यात त्याच बांधावर थिरथिऱ्याची (ब्लॅक रेडस्टार्ट) मादीही असते. दोघी तपकिरी, दोघींच्या मागे तांबूस. शिवाय नोंदीत उपजात लिहू का?

बाभूळबन:
तांबूस नेमका कुठे आहे ते बघा. चिरकाच्या मादीची शेपटी गडद असते, तांबूस रंग फक्त शेपटीच्या मुळाशी, खालून. शेपटी उभी केली की तो दिसतो. थिरथिऱ्याची शेपटीच तांबूस, कंबरही तांबूस, शेपटीची मधली पिसं तेवढी गडद, आणि ती शेपटी सारखी थरथरते. चिरक शेपटी थरथरवत नाही, पाठीवर उभारतो.

कवड्या गप्पीदासाचा (पाइड बुशचॅट) नरही काळा, पंखावर पांढरा, पण त्याची कंबर आणि शेपटीखालचा भाग पांढरा असतो. बसलेल्या चिरकाचा खांद्यावरचा पट्टा कधी कधी पिसांखाली झाकला जातो. पट्टा दिसला नाही म्हणून नर नाही, असं लिहू नका. उडेपर्यंत थांबा.

उपजातीचं नाव नोंदीत नको. ‘चिरक, नर’ लिहून पुढे वर्णन द्या: पाठ तपकिरी, छाती काळी, उजेड बाजूने, गाव, तारीख. सोबत तो आडवा फोटो जोडा. नाशिक, अहिल्यानगर, बीडकडच्या कोणाकडे असे बाजूच्या उजेडातले नर असतील तर इथेच टाका, मधल्या छटांचे फोटो फार कमी दिसतात.